एक स्क्रू राह्यला

अकोल्याला टिळक रोडजवळच्या एका गल्लीत आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. दहा बाय बाराची खोली. बाहेर पाटी: झेरॉक्स, कलर प्रिंट, लॅमिनेशन, स्पायरल, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. मी इंजिनिअर झालो तो या खोलीच्या जिवावर. अमरावतीच्या चार वर्षांचं होस्टेल, मेस, परीक्षेची फी, सगळं एकेक-दोन दोन रुपयांच्या कॉप्यांमधून निघालं. त्याच खोलीतलं सगळ्यात महागडं मशीन मी माझ्या हातानं मोडलं आणि वरून खोटं बोललो, हे लिहायला मला वर्ष लागलं.

मशीन म्हणजे कलर लेझर प्रिंटर. बाबांनी मुद्रा कर्ज काढून सेकंडहँड घेतलेला. दुकानातला काळा-पांढरा प्रिंटर रोजचा दूध-भाजीपाला चालवतो, पण वरचे चार पैसे कलरवालाच देतो. शाळेचे प्रोजेक्ट, पत्रिकांचे नमुने, चाट सेंटरची मेन्यू कार्डं, आणि मे महिन्यात कॉलेजच्या पोट्ट्यांचे प्रोजेक्ट रिपोर्ट. एका पानाचे दहा रुपये. पोट्टे घासाघीस करतात, बाबा आठवर येतात.

गेल्या मे महिन्यात वर्क फ्रॉम होम घेऊन मी पुण्याहून घरी आलो होतो. ऊन असं की दुपारी एक ते चार गल्लीत कुत्रंही दिसत नाही. एका सकाळी रिपोर्ट छापताना प्रत्येक पानावर निळा ठिपका यायला लागला. एका पानावर तीन. वरून खाली, एकाच रेषेत, सारख्या अंतरावर.

मी कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजलं. ९४ मिलिमीटर. प्रिंटरच्या आत जे काही गोल फिरतं, त्याच्यावर डाग असला तर तो दर फेऱ्याला कागदावर उमटतो. म्हणजे ठिपक्यांमधलं अंतर हा त्या रोलरचा परीघ. ९४ भागिले ३.१४, म्हणजे ३० मिलिमीटर व्यास. आमच्या मशीनमध्ये तेवढ्या जाडीचा ड्रम असतो. चार रंगांचे चार ड्रम. ठिपका निळा, म्हणून निळ्याचा ड्रम. दोन मिनिटांत निदान. मी बाबांना हे सगळं कागदावर लिहून दाखवलं.

बाबा म्हणाले, "मामाले फोन कर आधी."

"बाबा, मी इंजिनिअर आहो ना."

इथपर्यंत मी बरोबर होतो, हे मुद्दाम सांगतोय. निदान बरोबर निघालं की माणसाला वाटतं, आता ऑपरेशनही आपणच करावं.

बाबा जेवायला घरी गेले. शटर अर्धं ओढून मी प्रिंटरचं पुढचं दार उघडलं आणि निळा ड्रम बाहेर काढला. त्याच्या हिरवट, चकचकीत अंगावर गोंदाचा एक कण चिकटला होता. सकाळी एका गिऱ्हाइकानं स्वतःचे स्टिकर पेपर आणले होते. लेझर प्रिंटरमध्ये कागद चांगलाच तापतो. त्यासाठी न बनलेल्या स्टिकरचा गोंद उष्णतेनं पाझरतो आणि जागा मिळेल तिथे बसतो. आमच्या मशीनमध्ये कागद पट्ट्यावरून चारही ड्रमखालून जातो, त्यामुळे तो ड्रमवर बसला.

मऊ सुती कपड्यानं, हलक्या हातानं तो कण निघाला असता. पाच मिनिटांचं काम.

मी ड्रम काउंटरवर पेपरवर ठेवला आणि यूट्यूब उघडलं. त्यात एक जण सांगत होता की ठिपके येत असतील तर लेझरची काचही पुसून घ्या, त्यासाठी वरचं पॅनल काढा, तीन स्क्रू आहेत. व्हिडिओतलं मॉडेल आमचं नव्हतं, त्याच मालिकेतलं पुढचं होतं. पण एवढं उघडलंच आहे तर. या पाच शब्दांनी जगातली किती मशीनं मेली असतील!

तीन स्क्रू काढले. पॅनल उजवीकडून उचललं गेलं, डावीकडून अडलं. मी जरा जोर लावला. काहीतरी कडकन तुटलं आणि पॅनल एकदम हातात आलं. त्याच्याखाली बोटभर रुंदीची एक चपटी पांढरी केबल होती. ती जेमतेम वीतभर. मी पॅनल त्याहून वर उचललं होतं.

टक्.

एवढाच आवाज. सगळं परत लावून मशीन सुरू केलं. स्क्रीन काळी. पुन्हा केलं. काळी. मग काउंटरकडे लक्ष गेलं. अर्ध्या शटरमधून उन्हाचा पट्टा सरकत सरकत काउंटरवर आला होता आणि ड्रम त्या उन्हात पडला होता. किती वेळ, माहीत नाही. दीड तास तरी.

चार वाजता बाबा आले. "काय झालं?"

"लाइट गेली-आली झाली. व्होल्टेज जास्त आलं असन. पॅनल उडालं."

मे महिन्यात आमच्याकडे या वाक्यावर कोणीही विश्वास ठेवतो. बाबा "हं" म्हणाले. ड्रॉवरमधून स्केचपेन काढला, पुठ्ठ्यावर 'कलर बंद आहे' लिहिलं आणि तो शटरच्या खिळ्याला टांगला. संध्याकाळी रिपोर्टवाले पोट्टे आले, पाटी वाचून तसेच पुढच्या दुकानात गेले. बाबा त्यांच्याकडे पाहत होते, मी मोबाइलकडे.

रात्री मी म्हटलं, नवा घेऊ, पैसे मी देतो. बाबा म्हणाले, "याचे अजून अकरा हप्ते हायेत. एक बंद ठेवून दुसऱ्याचं काय करू?" मग मी मामांना फोन केला. तुटलेल्या जागेचे फोटो पाठवले. दहा मिनिटांनी उत्तर आलं.

"सकाळी ये इकडे. त्याच मॉडेलचं एक मशीन माह्यापाशी पडून हाय. पॅनल हाय, निळा ड्रमही हाय. पण काढा तुलेच लागन. आणि ऐक, एकच हाय. तुटलं तर दुसरं नाई."

*

अकोला ते अमरावती शंभरेक किलोमीटर. मधे मूर्तिजापूर. हा रस्ता तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत केलं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. पाच दिवसही लागले नाहीत. एसटीच्या खिडकीशी बसून मला वाटत होतं, माझंही काम असंच झपाट्यानं होईल. दुपारच्या बसनं परत, संध्याकाळी प्रिंटर सुरू.

मामा गाडगेनगरात राहतात. त्यांनी सुरुवात टाइपरायटरच्या दुरुस्तीपासून केली. टायपिंग इन्स्टिट्यूटांची मशीनं महिन्याच्या महिन्याला तेलपाणी करायला जायचे. मग सायक्लोस्टाइल, मग झेरॉक्स, मग प्रिंटर. मी होस्टेलला असताना दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचो आणि मागच्या खोलीतून येणारा टोनरचा वास घेत आयतं जेवून परत यायचो. चार वर्षांत एकदाही त्या खोलीत बसून त्यांचं काम पाहिलं नाही. मी इंजिनिअरिंग शिकत होतो ना!

दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरतात. कपबशी दोन्ही हातांनी धरतात, तरी बशीत सांडतं. दुकान बंद केलं, पण मशीनं विकली नाहीत. ती सगळी त्या मागच्या खोलीत आहेत.

त्यांनी आधी माझ्या फोनवरचा फोटो मोठा करून पाहिला.

"हे व्होल्टेजनं नाई झालं. व्होल्टेजनं जळते. काळं पडते, वास येते. इथी लॉकचा एक कान तुटला हाय आणि केबलची पट्टी सोलली. हे ओढल्यानं झालं."

मी काही बोललो नाही.

"बापाले काय सांगितलं?"

"व्होल्टेज."

मामांनी फोन परत दिला. "चाल, आधी चहा घे."

*

चहानंतरही त्यांनी मला अर्धा तास स्क्रूड्रायव्हरला हात लावू दिला नाही.

आधी माझा टी-शर्ट बदलायला लावला. कंपनीचा होता, पॉलिस्टरचा. त्यांचा जुना सुती सदरा दिला. मे महिन्याची कोरडी हवा, पॉलिस्टरचं कापड आणि प्लास्टिकची खुर्ची, या तिन्हींतून अंगावर स्थिर वीज साचते. दाराच्या कडीला हात लावल्यावर चटका बसतो ना, तीच. हा चटका आपल्याला जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. चिप मरायला काही वेळा १०० व्होल्टही पुरतात. म्हणजे आपल्याला काही कळतही नाही आणि बोर्ड गेलेला असतो. मामा या भानगडीवर तीन उपाय करतात. कूलर सुरू ठेवायचा, कारण ओल्या हवेत ही वीज कमी साचते. बोर्डाला हात लावण्याआधी मशीनच्या उघड्या लोखंडी सांगाड्याला हात लावायचा. आणि बोर्ड नेहमी कडांना धरायचा, मधे नाही. मनगटाला बांधायचा अर्थिंगचा पट्टाही त्यांच्याकडे होता, एक मेगाओमचा रेझिस्टर असलेला. साचलेली वीज त्यातून हळूहळू निघून जाते, आणि चुकून हात जिवंत तारेला लागला तरी झटका जीवघेणा होत नाही. तो पट्टा त्यांनी माझ्या हाताला बांधायचा प्रयत्न केला. बक्कल लागेना. मग मीच बांधला.

"मशीन भंगारातलं असलं तरी पिन काढली का पाहाचं. आणि पिन काढून स्विच दाबून ठेवाचा. आत साचलेलं निघून जाते. चालू मशीन असतं तर अर्धा तास थंडही होऊ द्या लागते. मागं कागद भाजाचा रोलर राहते ना, पावणेदोनशे-दोनशे डिग्रीवर जाते तो."

मग एक पुठ्ठा दिला. त्यावर मशीनचं वेडंवाकडं चित्र काढायचं आणि जो स्क्रू जिथून निघेल तो चित्रातल्या त्याच जागी खुपसायचा. मला हसू आलं. पण स्क्रू बाहेर निघाले तेव्हा कळलं, सगळे वेगळे. लोखंडात बसणारे बारीक आट्यांचे, प्लास्टिकमध्ये बसणारे जाड आट्यांचे टोकदार. त्यांतही लांब आणि आखूड. आखूडच्या जागी लांब लावला तर तो खालच्या बोर्डात घुसू शकतो.

स्क्रूड्रायव्हरही त्यांनी निवडून दिला. दांड्याला लाल टेप गुंडाळलेला. जपानी पद्धतीच्या मशीनमध्ये स्क्रूच्या डोक्यावरची फुली आपल्या नेहमीच्या फिलिप्सच्या फुलीपेक्षा किंचित वेगळी असते. दिसायला सारखीच. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर सरकतं आणि डोकं खरवडून टाकतं. एकदा डोकं गेलं की मग तो स्क्रू ड्रिलनंच निघतो. "दाब जास्त, फिरवणं कमी," मामा म्हणाले.

पहिल्यांदा ड्रम. तो सोपा, दोन निळ्या कड्या सोडल्या की सरकत बाहेर येतो. पण मामांनी आधी छत्रीचं काळं कापड अंथरायला लावलं.

"ड्रम म्हणजे फोटोची फिल्म समज."

आणि मग मला जे चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, म्हणजे सांगितलं असेल पण मी ऐकलं नव्हतं, ते मशीनपुढे बसून कळलं. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन नावाच्या माणसानं जगातली पहिली झेरॉक्स काढली. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर, रुमालानं घासून त्यावर आणलेली वीज, आणि काचेवर शाईनं लिहिलेली तारीख व जागेचं नाव. उजेड पडला तिथली वीज गेली, अक्षरांच्या सावलीत राहिली. त्यावर भुकटी टाकली, ती अक्षरांना चिकटली. आजचा ड्रम हेच करतो. अंधारात तो वीज धरून ठेवतो, लेझरचा उजेड पडतो तिथली सोडतो, आणि तेवढ्या जागी टोनर चिकटतो. उजेडाला इतकी हळवी वस्तू मी मे महिन्याच्या उन्हात दीड तास ठेवली होती. खोलीतल्या उजेडात दोन-चार मिनिटं गेली तर ड्रम अंधारात ठेवल्यावर बरेचदा सावरतो. थेट उन्हातून सहसा नाही.

हिरव्या भागाला बोट न लावता, दोन्ही टोकांना धरून मी ड्रम काढला, काळ्या कापडात गुंडाळला आणि खोक्यात ठेवला. थोडा टोनर सदऱ्यावर सांडला. मी फुंकर मारणार तोच मामा ओरडले. टोनर म्हणजे रंगीत प्लास्टिकची भुकटी. फुंकली की नाकात जाते. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरनंही ओढायची नसते; इतकी बारीक असते की फिल्टरमधून बाहेर येते, आणि ठिणगी पडली तर पेटूही शकते. ती कोरड्या कपड्यानं टिपायची. "आणि सदरा थंड पाण्यानं धुजो. गरम पाणी टाकशीन तर रंग जन्मभर राहीन." उष्णतेनं वितळून चिकटावी म्हणूनच ती भुकटी बनवलेली असते.

*

मग पॅनल.

तीन स्क्रू काढून पुठ्ठ्यात खुपसले. पॅनल उजवीकडून उचललं गेलं, डावीकडून अडलं. अगदी अकोल्यासारखं. मी चपटा स्क्रूड्रायव्हर उचलून फटीत घातला.

"थांब. जोर लागून राहिला का?"

"थोडासा."

"मंग एक स्क्रू राह्यला."

"मामा, व्हिडिओत तीनच होते."

"व्हिडिओवाल्याचं मशीन वेगळं असन. जोर लागते म्हणजे एक स्क्रू राह्यला. नाई तर एक कडी राह्यली. ज्यानं बनवलं त्यानं ते निघासाठीच बनवलं हाय. निघत नाई, म्हणजे त्यानं कुठीतरी पकडून ठेवलं. कुठी पकडलं ते शोध."

दहा मिनिटं शोधलं. टॉर्च मारून, नखानं चाचपडत. डाव्या कोपऱ्यात एक छोटा करडा स्टिकर होता. तो उचलला, खाली खोल भोक, आणि भोकाच्या तळाशी काळा स्क्रू. अकोल्यात कडकन तुटलं होतं ते हेच होतं. त्या स्क्रूभोवतीचं प्लास्टिक.

तो काढला. तरी पॅनल पूर्ण सुटलं नाही, कारण आता प्लास्टिकच्या कड्या होत्या. मामांनी एक मुदत संपलेलं एटीएम कार्ड दिलं. लोखंडी टोक घातलं की जुनं, तापून तापून कडक झालेलं प्लास्टिक तडकतं. कार्ड आधी स्वतः वाकतं. कार्ड फटीत सरकवत न्यायचं, कडी लागली की ती आत दाबायची, आणि सुटलेली फट बंद होऊ नये म्हणून कार्ड तिथेच ठेवून पुढच्या कडीकडे जायचं. तीन कड्या, तीन कार्डं.

"आता उचल. चार बोटं. जास्त नाई. आधी खाली पाह्य."

मी वाकून, टॉर्च मारून पाहिलं. पांढरी केबल होती. तीच.

चपट्या केबलचे सॉकेट साधारण तीन तऱ्हेचे असतात. एकात झाकणासारखी पट्टी असते, ती नखानं उभी करायची. दुसऱ्यात पट्टी आगपेटीसारखी बाहेर सरकते, तेही दोन्ही टोकांनी थोडी थोडी, एकदम नाही. तिसऱ्यात कुलूपच नसतं, केबल सरळ ओढायची. ओढण्याआधी आपल्यासमोर कोणतं आहे ते ओळखावं लागतं. हे दुसरं होतं. पट्टी तांबूस रंगाची, तांदळाच्या दाण्याहून बारीक कानांची.

मी नख लावलं आणि थांबलो. मला घाम फुटला होता. तुटलं तर दुसरं नाही. मामा शेजारी मोड्यावर बसले होते. त्यांचा हात आपसूक पुढे आला, त्या कानांपर्यंत पोचला आणि थरथरायला लागला. त्यांनी तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.

"डावीकडून अर्धा मिलिमीटर. आता उजवीकडून तेवढंच. परत डावी. हं."

पट्टी सरकली. केबलला नुसता हात लावला तशी ती बाहेर आली.

"पाह्यलं? ओढा लागत असन तर लॉक उघडलंच नाई."

मी खूप वेळ तसाच बसून राहिलो.

माझं काम सॉफ्टवेअरचं. तिथे एखादं जुनं फंक्शन काढून टाकायचं असेल, तर मी आधी अख्ख्या कोडमध्ये शोधतो की ते कुठून कुठून वापरलं जातंय. हे न करता डिलीट करणाऱ्या ज्युनिअरला मी चारचौघांत बोललेलोही आहे. आणि तिथे तर चूक झाली तरी मागची आवृत्ती परत आणता येते. प्रिंटरला कंट्रोल-झेड नाही. म्हणजे जिथे चूक पुसता येते तिथे मी दहा वेळा पाहतो, आणि जिथे पुसता येत नाही तिथे पॅनलखाली एकदा वाकूनही पाहिलं नाही. असं का, हे त्या खोलीत बसून कळलं. मला माहीत नव्हतं म्हणून नव्हे. हे काम मला माझ्या कामापेक्षा हलकं वाटत होतं म्हणून. स्क्रू काढायचे, त्यात काय एवढं. ज्या खोलीनं मला शिकवलं, तिच्यातल्या कामाबद्दल माझ्या मनात हे होतं.

पॅनल निघालं. मामांनी ते चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत घालायला लावलं. अशा पिशव्या त्यांनी वर्षानुवर्षं जपून ठेवल्यात. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घासून पुन्हा वीज तयार होते. मला वाटलं, झालं. पण त्यांनी पुठ्ठ्यावरचे चारही स्क्रू त्या रिकाम्या मशीनमध्ये, ज्याच्या त्याच्या भोकात परत लावायला सांगितले.

"मामा, हे तर भंगार आहे."

"उद्या कोणाले याच्यातलं दुसरं काही लागन. त्याले स्क्रू भेटले पाहिजेत."

लावायची रीतही शिकवली. प्लास्टिकमधला स्क्रू आधी उलटा फिरवायचा. फिरता फिरता तो हलकेच टिक करून खाली बसतो. म्हणजे त्याला जुन्या आट्या सापडल्या. मग सुलटा. नाहीतर तो दर वेळी नवीन आट्या पाडतो आणि दोन-चार वेळांत भोक ढिलं होतं. मग त्यांनी मार्कर मागितला आणि दोन्ही हातांनी धरून मशीनच्या अंगावर लिहिलं: पॅनल, निळा ड्रम काढला. खाली तारीख. अक्षरं वाकडी आली. त्या खोलीतल्या प्रत्येक मशीनच्या अंगावर असं काही ना काही लिहिलेलं आहे. जुनी अक्षरं सरळ आहेत.

निघताना ते दारापर्यंत आले. "बापाले सांगशीन?"

"हो."

"नाई सांगितलं तरी मी नाई सांगनार. पण सांगजो."

*

बसमध्ये खोकं मांडीवर धरून बसलो. डिकीत ठेवलं नाही, खाली ठेवलं नाही. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मनात वाक्यं जुळवत होतो. बाबा, ते व्होल्टेज नव्हतं. बाबा, त्या दिवशी काय झालं माहीत आहे का.

दुकानात शिरलो तर काउंटरखाली नवाकोरा स्टॅबिलायझर. पिवळ्या पट्ट्या अजून खोक्याला तशाच.

"आता व्होल्टेजचं टेन्शनच नाई," बाबा म्हणाले. "अडतीसशेले भेटला. चार हजार सांगत होता."

अडतीसशे म्हणजे आठच्या दरानं पावणेपाचशे कलर पानं. तेही पूर्ण नफा धरला तर. जुळवलेली सगळी वाक्यं गेली. मी म्हटलं, "बाबा, लाइट गेलीच नव्हती. मी ओढलं."

सगळं सांगितलं. स्टिकरचा गोंद, उन्हातला ड्रम, राहिलेला स्क्रू. बाबांनी मधे एकदाही अडवलं नाही. एक जण आधारकार्डाची झेरॉक्स मागायला आला, त्याला दोन्ही बाजू एका पानावर काढून दिल्या, सुटे पैसे परत केले. मग स्टॅबिलायझरकडे पाहून म्हणाले, "तो आता परत घेत नाई. खोकं फोडलं."

आणि थोड्या वेळानं, "घरी फ्रिजले लावू."

रागावले असते तर बरं वाटलं असतं.

शटर ओढून आम्ही कामाला बसलो. पिन काढली, वाट पाहिली, पुठ्ठा घेतला. बाबांनी टॉर्च धरला. केबल सॉकेटमध्ये सरळ बसली का ते मी दोनदा पाहिलं, बाबांनी तिसऱ्यांदा पाहिलं. स्क्रू उलटे फिरवून टिक आवाज आल्यावरच सुलटे केले. डाव्या कोपऱ्यात मी फोडलेल्या जागेमुळे चौथा स्क्रू नीट धरत नाही, तो आजही जरा ढिला आहे. ड्रम काळ्या कापडातून निघून थेट आत गेला, मधे दहा सेकंदही नाही.

मशीन सुरू केलं. स्क्रीन उजळली. आत बराच वेळ खरखर, घरघर. रंग आपापल्या जागी जुळवून घेत होते. मग पहिलं पान. बाबांनी ते उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. ठिपका नव्हता. खिळ्याला टांगलेला पुठ्ठा त्यांनी काढला, पण फेकला नाही. ड्रॉवरमध्ये ठेवला.

मी मामांना फोन लावला.

"स्क्रू किती उरले?"

"एकही नाही."

"मंग ठीक," म्हणाले आणि फोन ठेवला.

दुकानात आता एक नवी पाटी आहे: स्टिकर पेपर फक्त आमचाच वापरला जाईल. ती मी छापली, कलरमध्ये. आणि स्टॅबिलायझर घरी फ्रिजला लागला आहे. सुट्टीत घरी गेलो की रात्री पाणी प्यायला उठतो, तेव्हा अंधारात त्याचा हिरवा दिवा दिसतो. अकोल्यात आमच्या फ्रिजइतका सुरक्षित फ्रिज दुसरा नसेल.